पन्नास वर्षांची बॅटरी कोणाच्या कामाची?

जानेवारी २०२४ मध्ये चीनच्या बीटाव्होल्ट या कंपनीने एक बॅटरी जाहीर केली. लांबी-रुंदी प्रत्येकी १५ मिलिमीटर, जाडी ५ मिलिमीटर. आत निकेल-६३ या किरणोत्सारी धातूचे पातळ पापुद्रे आणि त्यांना लागून हिऱ्याचे अर्धवाहक थर. एकदाही चार्ज न करता ही बॅटरी पन्नास वर्षे वीज देईल, असा कंपनीचा दावा होता. त्याच वर्षी डिसेंबरात ब्रिटनमधल्या ब्रिस्टल विद्यापीठाने आणि तिथल्या अणुऊर्जा प्राधिकरणाने कार्बन-१४ वापरून हिऱ्याची बॅटरी तयार केल्याचे सांगितले. कार्बन-१४ चे अर्धायुष्य ५,७३० वर्षांचे, त्यामुळे 'हजारो वर्षे चालणारी बॅटरी' असे मथळे झळकले. छत्रपती संभाजीनगरात अशी बातमी नुसते कुतूहल म्हणून वाचली जात नाही. वाळूजला १९८५ पासून बजाजच्या दुचाक्या बनत आहेत. २०२४ मध्ये एथर एनर्जीने विजेवरच्या स्कूटरसाठी आणि टोयोटा किर्लोस्करने मोटारींसाठी बिडकीनच्या ऑरिक औद्योगिक नगरीची निवड जाहीर केली. ज्या गावच्या पोरांची पुढची पंचवीस वर्षांची नोकरी बॅटरीवर उभी राहणार आहे, तिथे 'चार्जिंगच नको असलेली बॅटरी आली तर आपल्या लिथियमचे काय' हा प्रश्न पोटापाण्याचा आहे. ही पुस्तिका त्या प्रश्नासाठी लिहिली आहे. किरणोत्सारी बॅटरी खरी आहे, जुनी आहे आणि काही कामांत तिला तोडच नाही. पण ती फोनच्या किंवा स्कूटरच्या कामाची कधीच होणार नाही, आणि जिथे ती कामाची आहे तिथेही तिची खरी किंमत तिच्या राखणदारीत आहे, हे माझे म्हणणे आहे. ते का, हे सांगण्यापुरती ही प्रस्तावना.

आधी तिचे चालणे समजून घेऊ. काही अणूंची केंद्रके अस्थिर असतात. ती आपोआप बदलतात आणि बदलताना वेगवान कण बाहेर फेकतात. या कणांची ऊर्जा विजेत आणण्याचे दोन मार्ग रूढ आहेत. पहिल्यात कण सभोवतालच्या पदार्थातच अडतात, तो पदार्थ तापतो आणि त्या उष्णतेपासून तापयुग्मांच्या, म्हणजे थर्मोकपलच्या, साहाय्याने वीज मिळते. १९७७ मध्ये निघालेली व्हॉयेजर याने अशाच प्लुटोनियम-२३८ च्या जनित्रांवर आजवर बोलती राहिली आहेत. प्रत्येक यानावर तीन जनित्रे, सुरुवातीला तिन्हींची मिळून सुमारे ४७० वॅट वीज, आता जेमतेम निम्मी. दुसऱ्या मार्गात बीटा कण थेट अर्धवाहकात शिरतात आणि सौर पॅनेलवर प्रकाश पडल्यावर जे घडते तेच तिथे अंधारात घडते. बीटाव्होल्ट आणि ब्रिस्टल यांची बॅटरी या जातीची. हीही कल्पना कालची नाही. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीलाच अमेरिकेतल्या आरसीए कंपनीत पॉल रॅपापोर्ट यांनी स्ट्रॉन्शियम-९० आणि सिलिकॉन यांच्या जोडणीतून वीज काढून दाखवली होती. स्ट्रॉन्शियमच्या जोरकस कणांनी सिलिकॉनचीच नासाडी होत असे, म्हणून तो मार्ग मागे पडला. आज निकेल-६३ किंवा ट्रिटियमसारखे मवाळ कणांचे समस्थानिक आणि सिलिकॉन कार्बाइड किंवा हिऱ्यासारखे चिवट अर्धवाहक हाताशी आहेत, म्हणून ती कल्पना पुन्हा वर आली आहे.

भुरळ पडते ती ऊर्जेच्या साठ्याची, आणि तो साठा खरोखर थक्क करणारा आहे. एक ग्रॅम प्लुटोनियम-२३८ पूर्ण ऱ्हास होईपर्यंत सुमारे ६३० युनिट इतकी उष्णता देते. उत्तम लिथियम बॅटरीच्या एका ग्रॅममध्ये जेवढी ऊर्जा मावते त्याच्या पंचवीस लाख पट. निकेल-६३ त्या मानाने गरीब, तरी तेही लिथियमच्या तीस हजार पट. पण हा साठा आपल्या मर्जीने उपसता येत नाही. तापवा, दाबा, तारेला जोडा, तोडा, अणूचा ऱ्हास आपल्या गतीनेच होणार. प्लुटोनियमच्या त्या ग्रॅममधली निम्मी ऊर्जा बाहेर यायला ८७.७ वर्षे लागतात, निकेल-६३ ला सुमारे १०० वर्षे. जायकवाडीचे धरण भरलेले असताना नळाच्या पाण्यासाठी दिवस मोजणाऱ्या या शहराला 'धरण उशाला, कोरड घशाला' ही म्हण समजावून सांगावी लागत नाही. साठा किती आणि धार केवढी, हे दोन वेगळे हिशेब आहेत. शहराची जलवाहिनी मोठी करता येते, अणूची धार मात्र मोठी करता येत नाही. बॅटरी जितकी दीर्घायुषी, तितकी तिची धार बारीक. कार्बन-१४ च्या हजारो वर्षांचे कौतुक करताना हेच विसरले जाते: तेवढी वर्षे टिकते, कारण ती दर सेकंदाला जवळजवळ काहीच खर्च करत नाही.

बीटाव्होल्टच्याच आकड्यांवर हे पडताळता येते. त्या बॅटरीची शक्ती १०० मायक्रोवॅट, म्हणजे वॅटचा दहा हजारावा भाग. पन्नास वर्षे, रात्रंदिवस, आणि हळूहळू ओसरणे जमेस धरून तिची एकूण वीज भरते सुमारे ४० वॅट-तास. साध्या ५,००० मिलिॲम्पिअर-तासांच्या मोबाइल बॅटरीत १९ वॅट-तास मावतात. म्हणजे अर्ध्या शतकाची कमाई फोनच्या दोन चार्जिंगएवढी. रोज एकदा चार्ज होणारा फोन सरासरी ०.८ वॅट खातो. त्याला अशा आठ हजार बॅटऱ्या लागतील आणि त्यांचे आकारमान नऊ लिटर होईल. शहरात फिरणाऱ्या स्कूटरला किमान एक किलोवॅट तरी हवे. तिथे निकेल सोडून जोरकस प्लुटोनियमकडे वळलो तरी काय मिळते? मंगळावरच्या क्युरिऑसिटी गाडीचे जनित्र ४५ किलो वजनाचे आहे, त्यात ४.८ किलो प्लुटोनियम ऑक्साइड आहे आणि सुरुवातीला त्यातून ११० वॅट वीज मिळत होती. एका स्कूटरला अशी नऊ जनित्रे, ४०० किलोंचे ओझे आणि ४३ किलो इंधन लागेल. अमेरिकेने या इंधनाच्या उत्पादनाचे उद्दिष्टच वर्षाला दीड किलो ठेवले आहे. बिडकीनच्या एका स्कूटरसाठी अमेरिकेचे जवळपास एकोणतीस वर्षांचे उत्पादन! आणि ती उभी असली तरी जनित्रे सुमारे अठरा किलोवॅट उष्णता बाहेर टाकतच राहतील, कारण त्यांना बंद करण्याचे बटण नसते.

यावर पहिला आक्षेप असा येतो की तंत्रज्ञान सुधारेल. सौर पॅनेलचेही सुरुवातीला असेच होते. आक्षेप रास्त आहे, आणि आजची रूपांतराची कार्यक्षमता कमी आहे हेही खरे. पण सौर पॅनेल सुधारले तेव्हा वर सूर्य भरपूर होता, कमी पडत होते ते पॅनेल. इथे स्रोतच अपुरा आहे. शुद्ध निकेल-६३ चा एक ग्रॅम सगळी मिळून सुमारे ६ मिलिवॅट ऊर्जा फेकतो. उद्या कोणी शंभर टक्के कार्यक्षम अर्धवाहक बनवला, तरी फोनपुरत्या ०.८ वॅटसाठी सव्वाशे ग्रॅमहून अधिक निकेल-६३ लागेल. हा धातू खाणीत सापडत नाही. निसर्गातल्या निकेलमध्ये जेमतेम साडेतीन टक्के असलेले निकेल-६२ वेगळे काढायचे, ते अणुभट्टीत न्यूट्रॉनच्या माऱ्यात दीर्घकाळ ठेवायचे, तेव्हा त्यातला काही भाग निकेल-६३ होतो. कोट्यवधी फोनांसाठी तो बनवायचा तर जगातल्या संशोधन अणुभट्ट्यांना दुसरे काही करायला उसंतच राहणार नाही. कार्यक्षमता वाढेल आणि वाढावी. पण ही कमाल मर्यादा अभियंत्याने घातलेली नसल्यामुळे अभियंत्याला ती काढताही येणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक विचार करायला लावणारा आहे. फोन सोडा, पण आता सगळीकडे छोटे संवेदक बसत आहेत, त्यांना मायक्रोवॅटच लागतात, असे म्हटले जाते. हे बरोबर आहे. शंभर मायक्रोवॅटची धार एका लहान संधारित्रात साठत गेली तर तासाभरात ०.३६ जूल जमतात, आणि कमी शक्तीच्या रेडिओवरून एक छोटा संदेश पाठवायला ते पुरतात. संवेदक झोपतो, जागा होतो, एक आकडा कळवून पुन्हा झोपतो. मराठवाड्यात याचे काम लगेच डोळ्यांपुढे येते: निरीक्षण विहिरींतली पाणीपातळी, धरणाच्या भिंतीतला दाब, किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर ज्यांची गरज सगळ्यांना पटली ती भूकंपमापके. पण इथे बाजारातली दुसरी वस्तू समोर ठेवून पाहिले पाहिजे. लिथियम थायोनिल क्लोराइडचा टॉर्चच्या जाड सेलएवढा एक घट ६० ते ७० वॅट-तास ऊर्जा बाळगतो. पन्नास वर्षांच्या अणुबॅटरीपेक्षा जास्त ऊर्जा, औद्योगिक मालाच्या कोणत्याही दुकानात मिळणारी, परवान्याशिवाय, आणि दहा वर्षे सहज टिकणारी. विहिरीच्या काठावर दहा वर्षांतून एकदा माणूस पाठवणे अवघड नाही. गाळ, गंज आणि तुटलेल्या केबलसाठी त्याला त्याआधीच अनेकदा जावे लागते. जिथे ऊन पडते तिथे तर प्रश्नच मिटतो. मराठवाड्याच्या उन्हात एक चौरस सेंटिमीटरचा सौर तुकडा दुपारी २० मिलिवॅटच्या आसपास देतो, म्हणजे त्या अणुबॅटरीच्या दोनशे पट. ज्या प्रदेशाला ऊन नको म्हणावे इतके मिळते, तिथे उघड्यावरच्या कामाला किरणोत्सारी बॅटरी लावण्याचे समर्थन मला तरी करता येत नाही.

मग उरते काय? जिथे ऊन पोचत नाही आणि माणसाचा हातही पोचत नाही, अशा जागा. त्या थोड्या आहेत, पण आपल्याच इतिहासात त्यांचे ठळक उदाहरण आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी भारताचे विक्रम हे अवतरण यान चंद्रावर उतरले. त्याचे आणि त्यातून उतरलेल्या प्रज्ञान या गाडीचे आयुष्य आधीपासूनच एका चांद्रदिवसाचे, पृथ्वीवरच्या सुमारे चौदा दिवसांचे, आखलेले होते, कारण दोघेही उन्हावर चालत होते. पुढची चौदा दिवसांची रात्र उणे दीडशे अंशांखालची. त्या थंडीत बॅटरीतले रसायन आणि जोडणीतले डाख टिकणे कठीण असते. सप्टेंबरच्या सुरुवातीला दोघांना झोपवले, सूर्य उगवल्यावर हाका मारल्या, उत्तर आले नाही. त्याच मोहिमेच्या प्रणोदन यानावर मात्र मुंबईच्या तुर्भे इथल्या भाभा अणुसंशोधन केंद्राने बनवलेले दोन किरणोत्सारी तापक होते, प्रत्येकी एक वॅटचे. ते वीज देत नव्हते. यंत्रांना ऊब देणे एवढेच त्यांचे काम. एक वॅट ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण बंदिस्त पेटीतल्या यंत्राला रात्रभर गोठू न देण्यासाठी असे थोडे वॅटच लागतात, आणि ते देण्याचा याहून भरवशाचा मार्ग चंद्रावर नाही. माझ्या मते भारतासाठी या सगळ्या विषयाचे व्यवहार्य टोक हेच आहे. पुढच्या यानाला चंद्रावरची रात्र काढायची असेल किंवा सूर्यापासून दूरच्या ग्रहांकडे जायचे असेल, तर तुर्भ्याची ही छोटी डबी तापकापासून जनित्रापर्यंत वाढवण्यावाचून गत्यंतर नाही.

दुसरी हात न पोचणारी जागा म्हणजे माणसाची छाती. हृदयाच्या पेसमेकरला थोडे मायक्रोवॅट पुरतात, म्हणजे हे काम किरणोत्सारी बॅटरीच्या मापाचेच आहे. १९७० मध्ये पॅरिसमध्ये प्लुटोनियमवर चालणारा पहिला पेसमेकर बसवला गेला, पुढे अमेरिकेतही बसवले गेले आणि त्यांतले काही तीस वर्षांहून अधिक चालले. यंत्र म्हणून ते अपयशी ठरले नाहीत. तरी ते मागे पडले, कारण त्याच सुमारास विल्सन ग्रेटबॅच यांनी लिथियम-आयोडीनची बॅटरी पेसमेकरमध्ये आणली. ती आठ-दहा वर्षे टिके, आणि तिच्यासाठी रुग्णाची आयुष्यभर नोंद ठेवण्याची, मृत्यूनंतर यंत्र परत मिळवण्याची गरज नव्हती. आपल्याकडे हा मुद्दा आणखी जड आहे. इथे देह बहुधा अग्नीला दिला जातो, तोही काही तासांच्या आत. दुःखातल्या घराला कोणीतरी सांगायचे की छातीतली डबी आधी काढावी लागेल, ती काढणारा डॉक्टर त्या तालुक्यात हवा, आणि ती स्वीकारणारे कार्यालय रविवारीही उघडे हवे. लहान वयात पेसमेकर लागलेल्या मुलाला दर दहा वर्षांनी शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागते, हे दुःख मी हलके मानत नाही, आणि ट्रिटियमसारख्या मवाळ स्रोतांची बॅटरी त्या मुलांसाठी तपासून पाहणे योग्यच ठरेल. पण त्या तपासणीत स्मशानभूमीपर्यंतची वाट आखलेली असलीच पाहिजे.

इथून मी राखणदारीच्या मुद्द्यावर येतो, आणि या पुस्तिकेत मला सर्वांत कळकळीने सांगायचे आहे ते हेच. ऑक्टोबर १९६५ मध्ये चीनच्या अणुचाचण्यांवर कान ठेवण्यासाठी अमेरिकेच्या आणि भारताच्या गुप्तचर यंत्रणांनी प्लुटोनियमचे एक जनित्र नंदादेवी शिखरावर नेण्याचा घाट घातला. कॅप्टन मनमोहनसिंग कोहली यांच्या नेतृत्वाखालच्या गिर्यारोहकांना वादळामुळे ते वाटेतच बांधून ठेवून खाली यावे लागले. पुढच्या वर्षी जाऊन पाहिले तर जनित्र जागेवर नव्हते. ते आजतागायत सापडलेले नाही. देशाला हे कळले ते १९७८ मध्ये, मोरारजी देसाई यांनी संसदेत निवेदन केले तेव्हा. सोव्हिएत संघाने उत्तरेच्या निर्मनुष्य किनाऱ्यांवरच्या दीपगृहांसाठी आणि दुर्गम ठिकाणांसाठी स्ट्रॉन्शियम-९० ची सुमारे हजारभर जनित्रे बसवली. कागदावर तो उत्तम उपयोग होता: तिथे ऊनही नाही, माणूसही नाही. मग तो देशच राहिला नाही आणि नोंदवह्या कोणाच्या ताब्यात हे स्पष्ट राहिले नाही. डिसेंबर २००१ मध्ये जॉर्जियातल्या लिया गावाजवळच्या जंगलात लाकूड गोळा करणाऱ्या तिघांना दोन नळकांडी दिसली. भोवतीचे बर्फ वितळलेले, धातू गरम. थंडीची रात्र होती, तिघे ती जवळ घेऊन बसले. तिघेही किरणोत्साराने भाजले आणि त्यांतला एक दीर्घ उपचारांनंतर २००४ मध्ये मरण पावला. आपल्याकडे एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-६० सापडले. विद्यापीठातले वापरात नसलेले जुने उपकरण लिलावात भंगार म्हणून विकले गेले होते. ते तोडताना अनेकांना बाधा झाली, एका कामगाराचा जीव गेला. या तिन्ही घटनांत यंत्रांत बिघाड नव्हता. त्यांचे मालक त्यांना विसरले, किंवा हरवून बसले.

यावर तिसरा आक्षेप येतो आणि तो विज्ञानाच्या दृष्टीने पक्का आहे: निकेल-६३ म्हणजे स्ट्रॉन्शियम नव्हे. त्याचे बीटा कण कागदाच्या कपट्यालाही अडतात, ट्रिटियमचे तर कातडीच्या मृत थरापलीकडे जात नाहीत. अशी बॅटरी खिशात ठेवली तर काही होत नाही, हे मला पूर्ण मान्य आहे, आणि 'अणू' हा शब्द कानी पडताच घाबरून जाणाऱ्यांसाठी या पुस्तिकेतले एक स्वतंत्र प्रकरण आहे. पण धोका बंद डबीत नसतो, फुटलेल्या डबीत असतो. आपल्याकडे बॅटरीचे शेवटचे ठिकाण बहुतेक वेळा भंगाराचे दुकान, आणि तिथे ती हातोड्याने फुटते, भट्टीत वितळते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी उत्पादकावर जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी टाकली, तरी साध्या शिशाच्या बॅटरीच्या बाबतीतही ती साखळी अजून पक्की झालेली नाही. मवाळ कण सोडणारा पदार्थ धुरातून किंवा धुळीतून पोटात गेला की कातडीची ढाल उरत नाही. आणि जो स्रोत शंभर वर्षांनीही निम्मा जिवंत असतो, त्याला बनवणारी कंपनी, विकणारे दुकान आणि वापरणारा माणूस या तिघांपेक्षा जास्त आयुष्य असते. कोण परत घेणार, कशाच्या पैशांतून आणि कुठे ठेवणार, याचे उत्तर विक्रीच्या दिवशीच तयार नसेल तर ती बॅटरी व्यवहार्य म्हणता येत नाही, तिचे तंत्र कितीही सुबक असो.

महाराष्ट्राला या बाबतीत एक जमेची बाजू आहे. अणूचे सामान इथेच आहे आणि ते सांभाळणारे हातही. तारापूरला १९६९ पासून अणुवीज बनते. जडपाण्याच्या अणुभट्ट्यांत ट्रिटियम आपसूक तयार होते. तुर्भ्याला १९६० च्या दशकापासून वापरलेल्या इंधनावर प्रक्रिया होते, आणि त्या टाकाऊतून काढलेले सिझियम-१३७ काचेत बंद करून रक्त किरणित करण्याच्या यंत्रांसाठी दिले जाते. कर्करोगावरच्या भाभाट्रॉन यंत्रातला कोबाल्ट-६० चा स्रोत ५.२७ वर्षांत निम्मा होतो, तो बदलावा लागतो आणि जुना परत जातो. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या देखरेखीखाली हे वर्षानुवर्षे चालते, आणि तेही गाजावाजा न करता. म्हणजे थोड्या स्रोतांची, नावनिशीवार नोंद ठेवून, दिलेली वस्तू परत घेण्याची शिस्त आपल्याकडे आहे. जुन्या इंधनातल्या अमेरिशियम-२४१ चे अर्धायुष्य ४३२ वर्षांचे. त्याची उष्णता प्लुटोनियमच्या पाचव्या हिश्श्याएवढी, पण अंतराळ जनित्रांसाठी युरोप त्याच्याकडेच वळला आहे, कारण ते टाकाऊतून मिळते. आपल्यालाही ही वाट मोकळी आहे. हजार स्रोत असे सांभाळता येतात. कोटी सांभाळता येत नाहीत, आणि ग्राहकोपयोगी बॅटरी म्हणजे कोटींचाच हिशेब.

पुस्तिकेची मांडणी याच क्रमाने आहे. आधी ऱ्हासाचे भौतिकशास्त्र आणि धारेचे गणित, तेही अकरावीच्या विद्यार्थ्याला कागदावर करून पाहता येईल अशा उदाहरणांसह. मग तापयुग्म आणि बीटा-अर्धवाहक यांची रचना. त्यानंतर अंतराळ, शरीर आणि खोल विवरे या तीन क्षेत्रांतले उपयोग. नियमांचे आणि परतीच्या व्यवस्थेचे प्रकरण परिशिष्टात न टाकता मुद्दाम मध्यभागी ठेवले आहे. लिथियम आणि सोडियम बॅटऱ्यांवरचे शेवटचे प्रकरण वाळूज-बिडकीनच्या वाचकासाठी आहे. त्याची पुढची पंचवीस वर्षे त्याच रसायनांवर जाणार आहेत, आणि तिथे शिकण्यासारखे व सुधारण्यासारखे अजून पुष्कळ शिल्लक आहे.